बर्फ एकोणसाठ अंश

२०२३ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि बायकोला सदुसष्टावं. त्या साली आमच्या घरात कामधंदा असलेलं माणूस ती होती, मी नव्हे. हे पचायला मला जड गेलं.

मी देवबागला बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं काढली. शाळा चौथीपर्यंत. पण खाडीतून बोट जाताना नुसत्या आवाजावरून तिला काय दुखतंय ते मी जेवता जेवता सांगायचो, आणि ते खरं निघायचं. मग गुडघे गेले. बोटीत चढणं बंद झालं, आणि मी पडवीत बसून दुसऱ्यांच्या चुका मोजू लागलो.

त्याच पडवीत बायकोची भट्टी होती. मुलगी कोल्हापूरला शाळेत चित्रकला शिकवते. तिनं हौसेनं घेतलेली छोटी विजेची भट्टी, मोठी घेतल्यावर आमच्याकडे आणून ठेवली. पिंपाएवढी, वरून झाकण. बायको सुट्टीत लेकीकडे जाऊन मातीकाम शिकली आणि पणत्या, वाट्या, बश्या करू लागली. लोक म्हणाले, म्हातारचळ. मीही म्हणालो, पण घरातल्या घरात.

आणि एक दिवस तारकर्लीहून एक बाई आली. पर्यटकांना जेवण-राहणं देणारी. तिनं सोलकढीसाठी अठरा वाट्या सांगितल्या. रविवारी तिच्याकडे पाहुणे यायचे होते, शनिवारी ती वाट्या न्यायला येणार होती. बायकोनं वाट्या घडवल्या, एकदा भाजल्या, त्यांना हिरवा लेप दिला. हा लेप दुसऱ्या भाजणीत वितळून काचेसारखा चकाकतो. आता तेवढी एक भाजणी राहिली होती.

मंगळवारी सकाळी मी ती भट्टी झाडायला घेतली. मला कुणी सांगितलं नव्हतं. आत वाळू दिसली, आणि घाणेरडं यंत्र मला बघवत नाही. भट्टीच्या भिंतीतून आत एक पांढरी काडी येते, बोटाएवढी. तिच्यात दोन तारा असतात. भट्टी किती तापली ते तिच्यामुळे बाहेरच्या मीटरला कळतं. झाडताना माझं कोपर तिला लागलं आणि कट्‌ झालं.

बायको आतून आली. "मोडलात?"

"मोडलेलीच होती. मी फक्त भायर काढलंय."

"तुमका झाडूक कोणी सांगितल्यान?"

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, नवीन मागवते, पण यायला आठवडा लागेल, आणि बाबा, तुमी कशाक हात लावू नकात. मी म्हटलं, काडी ती काय, दोन तारा. बोटीत मी दोनशे तारा जोडल्यात.

फोन ठेवल्यावर बायको हळूच म्हणाली, "अवो, पयल्यांदाच कोणी माझ्याकडे कायतरी मागितल्यान. ह्यो वाट्यो गेल्यो तर माझां नाव जातलां."

मी शर्ट घातला आणि कुडाळची एसटी पकडली.

कुडाळच्या दुकानात तयार काडी नव्हती. पण तशा तारा होत्या, एक लाल वेष्टणाची, एक पिवळ्या, आणि त्या ओवायला दोन भोकांचे चिनी मातीचे मणी. दुकानदारानं सांगितलं की या दोन वेगळ्या धातूंच्या तारा आहेत. टोकाला जोडल्या आणि ते टोक तापलं की त्यातून इवलीशी वीज निघते, मीटर ती मोजतो आणि आकडा दाखवतो. हे मला आवडलं. तो पुढे जोडणीचं काही सांगत होता, पण मी म्हटलं, चाळीस वर्षं जोडण्या करतोय, तारा बांधून दे.

बुधवारी मी माझी जोडकामाची जुनी गॅसची नळी काढली. तारांची टोकं पिळली आणि ज्योतीत धरून वितळवली. मिरीएवढा गोल मणी झाला. आत राहणाऱ्या भागावरचं वेष्टण सोलून तारा चिनी मातीच्या मण्यांत ओवल्या. खरं सांगतो, विकतच्या काडीहून देखणी झाली. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती दाखवली. काहींना बोलावून दाखवली.

गुरुवारी सकाळी काडी भट्टीत बसवली. मीटरला दोन स्क्रू, एक अधिक, एक वजा. लाल तार अधिकला, पिवळी वजाला. बायकोनं वाट्या दोन फळ्यांवर रचल्या, एकीला दुसरी लागणार नाही अशा. झाकण लावलं. मीटर दाखवत होता तीस. मी बटण दाबलं.

तिसाचे एकोणतीस झाले. मग सत्तावीस.

"आकडो खाली येता," ती म्हणाली.

"येवंदे. नवीन आसा. बसाक वेळ लागता."

वीस. बारा.

"आत आग आणि आकडो थंडयेचो?"

"इंजिनाचो काटो पण सुरवातीक असोच हलता."

शून्य झालं, आणि आकड्याच्या आधी एक आडवी रेघ आली.

"ही रेघ कसली?"

"उणे."

"म्हणजे आत बर्फ पडता हा?" मग ती मीटरकडे बघत म्हणाली, "तारो उलट्यो लावा बगूया."

"लाल म्हणजे अधिक," मी म्हटलं. "बॅटरीक अधिक, डायनामोक अधिक. माका शिकवू नको."

ती उठली आणि तिनं भिंतीवरचं भट्टीचं बटण बंद केलं. तिला जे कळलं होतं ते मला कळायचं होतं. एक हजार चाळीस आकडा आला की मीटर स्वतःच भट्टी बंद करतो. आकडा चढलाच नाही तर भट्टी तापतच राहणार, लेप ओघळून वाट्या फळीला चिकटणार. बोलली असती तर मी भांडलो असतो. ती चपला घालून शेजारी गेली.

मी काडी आणि मीटर सोडवून स्वयंपाकघरात आणला, काडी होती तशीच पुन्हा मीटरला लावली आणि मीटरची पिन भिंतीत घातली. चुलीवर पेज रटरटत होती. काडीचं टोक पेजेत बुडवलं. उकळती पेज म्हणजे शंभर अंश. मीटर म्हणाला, उणे पंचेचाळीस.

शिरा पडली त्या मीटरार, अशी शिवी देतोय तोवर दारात शेजारची मासेवाली उभी. बाजारातून परतून घरी डोकावून आली होती, डोक्यावर खोका तसाच.

"आबानू, पेजेची चव तारेन बघतात काय?"

"तुझ्या खोक्यात बर्फ आसा? मूठभर दी."

तिनं दिला. मी काडी बर्फात खुपसली. पेजेतून काढल्यावर तीसवर आलेला आकडा आता वर निघाला. चाळीस. पन्नास. एकोणसाठला थांबला.

ती वाकून बघत होती. "माझो बर्फ शिजता हा," ती म्हणाली. "आता बांगडे उकडूनच विकतंय."

मला हसू आलं नाही, कारण मी हिशेबात होतो. घरातली हवा तीस. बर्फ तिच्या खाली तीस, मीटर वर तीस. पेज वर सत्तर, मीटर खाली सत्तर-पंचाहत्तर. बिघडलेलं यंत्र कसंही बरळतं, आज एक, उद्या दुसरं. हे शिस्तीत उलटं बोलत होतं. बोट मागे चालली म्हणून कुणी इंजिन खोलत नाही. गिअर उलटा पडलाय एवढंच. या तारांत लाल वजाची होती. कुडाळचा दुकानदार काय सांगत होता ते आता ऐकू आलं, दोन दिवस उशिरा.

मी स्क्रू सैल केले आणि तारांची अदलाबदल केली. पेजेत नव्व्याण्णव. बर्फात एक.

"काकी आमच्याकडे बसली हा," मासेवाली म्हणाली. "तारो उलट्यो लावा म्हटलां तर आयकूक नाय, म्हणता."

"तिका ह्यातलां काय सांगू नको."

"मी कशाक सांगतंय."

पाच मिनिटांत बायको घरात. मी तोवर काडी आणि मीटर पुन्हा भट्टीला जोडले होते.

"झालां?"

"झालां. जोडणी जरा सैल होती."

तिनं चष्मा लावला, मीटरवर वाकली आणि वजाच्या स्क्रूखालची लाल तार बराच वेळ बघितली. "हां," ती म्हणाली. "डावीकडची उजवीकडे गेली इतकी सैल."

मग तिनं पेजेची चव घेतली आणि भांडं उचलून शेजाऱ्यांच्या गाईला दिलं.

दुपारी भट्टी पुन्हा लावली. या वेळी आकडा चढला. पन्नास, दोनशे, पाचशे. दोघं खुर्च्या ओढून बसलो, टीव्ही बघावा तसं. दिवेलागणीला एक हजार चाळीस झाले आणि टक्‌ आवाज होऊन भट्टी आपोआप बंद पडली. मी तिच्याकडे बघितलं.

"आकडो बरो," ती म्हणाली. "पण तुमची घरची काडी खरां सांगता की थापो मारता, तां सकाळीच कळतलां."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी उठलो. मीटरवर एकशे बारा. झाकण उचलायला हात शिवशिवत होते. शंभराच्या आत आल्याशिवाय उघडायचं नाही, गार हवा लागून लेप तडकतो, हे तिचं सांगणं. मी स्टुलावर बसलो आणि माझ्याच काडीच्या आकड्याची वाट बघितली. एकशे दहा. एकशे पाच. एकशे एकवर तो इतका अडला की मी दुसरीकडे बघायला लागलो. अठ्ठ्याण्णव झाले तेव्हा झाकणाला हात न लावता हाक मारली, "अगो, ये. तू उघड."

तिनं उघडलं. खाडीच्या पाण्यासारख्या हिरव्या वाट्या, चकचकीत, एकही चिकटलेली नाही. तिनं फडक्यानं एक उचलली आणि नखानं टिचकी मारली. वाटी खणखणीत वाजली.

"तू सांगितलंस तेव्हाच माका आयकूक होया होतां," मी म्हटलं.

"होया होतां," ती म्हणाली. "आता हात पुढे करा."

मी दोन्ही हातांवर फडकं पसरलं. तिनं एकेक वाटी त्यावर ठेवली आणि मी ती नेऊन पडवीच्या दुसऱ्या टोकाला मांडली, अशा अठरा खेपा.