एका बाजूला जाड

१२ एप्रिल, उडदाचे पापड. शेजारच्या पाचजणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आमच्या गच्चीवर आल्या. त्याआधी लेकीशी फोनवर माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. आज मी कुणावर तरी ओरडणार, हे मला पीठ कुटतानाच कळलं होतं. तरी ओरडलेच.

"सुनंदा, हा पापड आहे की भाकरी? एका बाजूला केवढा जाड!"

"तुमच्यासारखा हात नाही हो आमचा, वहिनी," म्हणत समोरच्या घरातली सुनंदा पोळपाट उचलून निघून गेली. मग कुणाचं दूध उतू जाणार होतं, कुणाकडे पाहुणे येणार होते. गच्ची रिकामी झाली.

मी माझेच पापड उजेडात धरून पाहिले. तेही एका बाजूला जाड होते. रागात हात एकीकडेच दाबतो. चार बायका एकत्र बसवायच्या तर आधी स्वतःचा तोल सांभाळावा लागतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक असून करू काय? जीभ माझ्याआधी सुटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाकडे जाऊन "चुकलं माझं" म्हणाले.

"अहो, त्यात काय एवढं!" ती हसली, पण दार अर्धंच उघडलं.

घरी येऊन उरलेलं पीठ एकटीनं लाटलं.