ओला पट्टा

छातीला बांधायचा ह्यांचा पट्टा सकाळी नळाखाली धरला की त्याच्या काळ्या रबरावरून पाणी थरथरत ओघळतं. पट्टा ओला असल्याशिवाय मोबाइलला हृदयाचे ठोके ऐकू येत नाहीत. पळायला निघताना हे तो असाच भिजवायचे. हे गेले ते झोपेत, पट्टा खुंटीवर असताना. आता तो बांधून मी पळते.

"आई, निदान मोबाइलमध्ये तुझं नाव तरी घाल," लेक म्हणते. मी घालत नाही. एका यंत्राच्या लेखी तरी हे अजून रोज मैदानावर धापा टाकतात. माणूस आहे याचा पुरावा काय, तर एक आकडा. आणि तो कुणाच्याही छातीतून आला तरी चालतो.

आज पळून झाल्यावर मोबाइलने ह्यांच्या नावाने अभिनंदन केलं. तुमचं हृदय आता पूर्वीपेक्षा मजबूत झालंय म्हणे.

मी मैदानाच्या कट्ट्यावर बसून राहिले. ऊन चढलं. घाम वाळला, पट्टाही वाळला. मोबाइलवरचा ठोक्यांचा आकडा आधी अडखळला, मग ह्यांच्या नावाखाली नुसती एक रेघ उरली.

मैदानावरचा नळ समोरच होता. मी उठले नाही.