सोंगाड्याच्या दारातला नारळ

उंब्रजात आकाराम दोन. एक तालमीतला, दुसरा तमाशातला. पहिल्याचं नाव घेताना गावाची छाती फुगायची, दुसऱ्याचं घेताना गाव गालात हसायचं. हा दुसरा आकाराम सोंगाड्या. कोलांटउड्या मारून दहा गावांना हसवायचा. पण घरात त्याला बघून कुणाचं तोंड उजळत नसे. उसाची शेती असलेल्या घरातलं पोर तमाशात शिरलं म्हणून बाप, हरिबा, सहा वर्षं त्याच्याशी बोलला नव्हता. लोकांच्या टाळ्या आकारामाला रगड मिळत. त्याला हवा होता तो बापाचा एक शब्द.

दुसरी जागतिक लढाई संपली त्या साली पाटणच्या यात्रेचे दोन पंच कुस्तीचा नारळ घेऊन आले. पैलवान आकाराम त्यांनी नावानंच ऐकला होता, पाहिला नव्हता. वेशीत घर विचारलं, तर कुण्या शहाण्यानं हरिबाच्या दाराकडं बोट केलं. आपल्याकडं नारळ घेतला की कुस्ती ठरली; मग माघार म्हणजे घराण्याला बट्टा. हरिबाला चूक तेव्हाच कळली होती. खरं सांगायला कितीसा वेळ लागतो? पण पैलवानाचा बाप म्हणून जन्मात पहिल्यांदा कुणी त्याला रामराम घातला होता. म्हाताऱ्यानं नारळ घेतला आणि कपाळाला लावला.

गावभर बोभाटा झाला. पैलवान आकाराम स्वतः घरी आला. रागावला नव्हता बिचारा. उलट तुझ्या जागी मी उतरतो, म्हणाला. सोंगाड्यानं मान हलवली.

"नारळ माज्या बानं घेतलाय गड्या. मीच जानार."

मग आठ दिवस तालमीत पैलवानानं त्याला मातीत घोळसला. डाव शिकवायला वेळ नव्हता, म्हणून एकच गोष्ट घोकून घेतली: काही झालं तरी पाठ टेकू द्यायची नाही.

पाटणच्या मैदानात समोर आला माणदेशातला बिराप्पा, दारातून आडवं होऊन जावं लागेल असा गडी. आमचा काटकुळा आकाराम लांग कसून उतरला तेव्हा लोक पोट धरून हसले. बिराप्पानं त्याला उचलून आपटला, तो हवेतच वळून पालथा पडला. पुन्हा उचलला, या वेळी पायांवर आला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा हसणं थांबलं होतं आणि हलगीवाला घामाघूम झाला होता. तमाशात उड्या मारून मारून कमावलेलं अंग होतं ते, फुकटचं नव्हतं. आखाड्याच्या कडेला हरिबा धोतराचा सोगा दातात धरून बसला होता.

अर्धा तास झाला तरी पाठ काही टेकेना. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि रिवाजाप्रमाणं दोघांनाही फेटे बांधले. एका पंचानं आकारामाचा हात वर धरून सांगितलं, हे उंब्रजचे आकाराम पैलवान.

हरिबा उठला. पायताण कडेलाच काढून आखाड्यात शिरला आणि त्यानं पोराचा दुसरा हात धरला.

"पैलवान न्हवं त्यो," सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला. "तमाशातला सोंगाड्या हाय. माजा आकाराम."