मौसीची पसंती

दयाराम खोब्रागडे यांच्याबद्दल मी काही बोलले तर ते थोडं तोलून घ्या, कारण माझं लग्न याच माणसानं जुळवलं. दिवाकर बरा नवरा निघाला, हे मी मान्य करते. पण तो घोरतो हे दयारामभाऊंना आधीपासून माहीत होतं आणि त्यांनी ते सांगितलं नाही. इतक्या वर्षांत माझा तो राग काही गेलेला नाही.

भाऊ इथं रायपूरला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. ती नोकरी पोटासाठी. खरं काम सोयरिकी जुळवण्याचं. भंडारा, गोंदिया, डोंगरगड, भिलाई, गाडी जाईल तिथली मुलंमुली भाऊंच्या नजरेखालून गेलेली. पद्धत त्यांची स्वतःची होती. मुलाच्या घरी जायच्या आधी ते शेजाऱ्याकडे जाऊन पाणी मागायचे. पाणी पिता पिता पोट्टा दारू पितो का, त्याच्या आईचा आवाज रस्त्यापर्यंत येतो का, सगळं काढून घ्यायचे. मग जयभीम करत मुलाच्या घरात शिरायचे आणि मुलीच्या बापाला सांगायचे, "माझी गारंटी." त्या गारंटीवर आमच्या ओळखीतली निम्मी घरं उभी आहेत.

पुढे त्यांनी स्वतःच्या मुलीचं, चेतनाचं लग्न जुळवलं. नागपूरचा मुलगा, सरकारी नोकरी, शेजाऱ्यांनी तोंड भरून कौतुक केलेलं. वर्ष-दीड वर्षात चेतना एक बॅग घेऊन परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि भाऊंनी विचारलं नाही. तिची आई कमलाताई असती तर तिनं विचारलं असतं, पण ती आधीच गेली होती. भाऊंनी फक्त सोयरिकी बंद केल्या. कोणी आलं की डोळे कमजोर झाले म्हणायचे, आणि त्याच डोळ्यांनी अंगणात बसून चष्म्याशिवाय पेपर वाचायचे.

चेतना नव्या रायपूरला एका सरकारी ऑफिसात लागली. सकाळी बस धरायची, अंधार पडता पडता यायची. घरात बापलेक आणि कमलाताईंनी मागे ठेवलेली दोन मांजरं. एक मौसी, म्हातारी, करडी, तोंडावर कायम नाराजी. दुसरा ठेकेदार, पोट सुटलेला बोका, त्याला कशाचीच हरकत नसायची. बापलेकीचं बोलणंही बहुतेक या दोघांमार्फत चालायचं. "मौसी, बाबांना म्हणा जेवून घ्या" असं काहीतरी आमच्या भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि मला उगीच गलबलून यायचं.

एके दिवशी सकाळी भाऊ आमच्या दारात उभे. आदल्या रात्री चेतना त्यांना म्हणाली होती, घरात अजून एक मांजर आणावं म्हणते. भाऊंनी ताबडतोब सांगून टाकलं होतं, मी पाहतो.

"मग पाहा," मी म्हटलं. "त्यात माझ्याकडं काय?"

"रमाबाई, परत आल्यापासून पोट्टीनं पहिल्यांदा काही मागितलं. आता चुकाचं नाही आपल्याले."

ते "आपल्याले" ऐकूनच मी ओळखलं की या भानगडीत माझी भरती झालेली आहे. पाहणीला सोबत एक बाईमाणूस लागतं, हा त्यांचा जुना नेम.

पहिली पाहणी समता कॉलनीत, जनावरांच्या दवाखान्यात. कोणीतरी सोडून गेलेलं पांढरं पिल्लू तिथं होतं. भाऊ आत जाईनात. आधी शेजारच्या औषधाच्या दुकानात जाऊन त्यांनी पाणी मागितलं आणि दुकानदाराला पिल्लाच्या आईबद्दल विचारलं. तो बिचारा बाटली हातात घेऊन माझ्याकडे पाहत राहिला. मी दुसरीकडे पाहिलं. आत डॉक्टरीणबाईंनी पिल्लू हातात दिलं, ते भाऊंच्या शर्टात शिरलं आणि झोपलं. भाऊ विरघळले होते, मला स्पष्ट दिसत होतं. पण घरातल्या मोठ्या बाईनं पाहिल्याशिवाय होकार देत नाहीत, असं म्हणून त्यांनी ते परत दिलं. मला वाटलं, मोठी बाई म्हणजे मीच. थोडी खूषही झाले.

मोठी बाई म्हणजे मौसी, हे मला दुसऱ्या पाहणीला कळलं. तात्यापाऱ्यात एका कापडाच्या दुकानात नारिंगी पिल्लू होतं. भाऊ झाकणाची टोपली घेऊन ऑटोत बसले आणि टोपली माझ्या मांडीवर ठेवली. मौसी जन्मात घराबाहेर पडली नव्हती. आझाद चौक येईपर्यंत तिनं असा गळा काढला की ऑटोवाल्यानं दोनदा गाडी थांबवून विचारलं, "दीदी, बच्चा है क्या अंदर?" नंतर तिनं माझ्या साडीवर जे केलं ते लिहीत नाही. दुकानात झाकण उघडल्याबरोबर ती चादरींच्या गठ्ठ्यांमागे घुसली. नारिंगी पिल्लू कुतूहलानं तिच्याकडे गेलं, तर तिनं त्याच्या नाकावर पंजा मारला. गिऱ्हाइकं खरेदी सोडून बघायला लागली. मालकानं आम्हाला चहा पाजला, तो आम्ही लवकर जावं म्हणून.

"नापसंत," भाऊ परतताना म्हणाले.

पुढच्या वेळी त्यांनी ठेकेदाराला नेलं. ठेकेदारानं नारिंगी पिल्लाच्या वाटीतलं दूध संपवलं आणि गल्ल्यावर झोप काढली. म्हणजे पसंत की काय? की नुसतं दूध पसंत? मग मौसीला पांढरं पिल्लू दाखवायला दवाखान्यात नेलं. तिथं ती टोपलीतून बाहेरच आली नाही. याला होकार धरायचा की नकार? भाऊ मला विचारत होते. मी मांजरांतली काय जाणकार लागून गेले होते? माझं डोकं दुखत होतं आणि साडी धोब्याकडे होती.

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच आम्हाला खुर्चीवर बसवलं. मांजरीला बाहेर आणून काही कळत नाही, ती नुसती घाबरते, असं त्यांनी सांगितलं. नव्या मांजराला घरी आधी वेगळ्या खोलीत ठेवायचं. याचं कापड त्याला, त्याचं कापड याला हुंगायला द्यायचं. दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. मग हळूहळू दार उघडायचं. दिसायला कोण कसं, आई कोण, याला काही अर्थ नाही. स्वभाव बघा, वय बघा, आणि धीर धरा.

"मग जमंल न?" भाऊंनी विचारलं.

"अंकल, इसकी गारंटी कोई नहीं दे सकता."

भाऊंचा चेहरा इतका पडला की मला त्यांची दया आली. ज्या माणसानं जन्मभर गारंटी वाटली, तो तिथं टोपलीवर हात ठेवून बसला होता आणि त्याला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी चेतना ऑफिसातून आली तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. भाऊंनी तिच्यापुढे सगळा अहवाल ठेवला. पांढरं पिल्लू गरीब स्वभावाचं, पण फार लहान. नारिंगी धीट, पण मौसीशी खटका उडालेला. ठेकेदाराचं मत भरवशाचं नाही. चेतना चपला न काढता ऐकत होती.

"बाबा, मी एक मांजर पाहून ठेवली आहे," ती म्हणाली. "आमच्या बस स्टॉपवर राहते. मोठी आहे, एक कान फाटला आहे. रोज माझ्या डब्यातलं खाते."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं?" ती थांबली. "तवाही नव्हतं विचारलं."

'तवा' म्हणजे ती बॅग घेऊन परत आली तेव्हा, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. मला वाटलं आता हे गृहस्थ पाणी मागायला आमच्या घरी पळतात. पण ते तिथंच उभे राहिले.

"त्या मांजरीचं घर नाही, दार नाही. मले काहीच माहीत नाही तिचं," ते म्हणाले. मग कसंबसं म्हणाले, "तुले तीच पायजे?"

"तीच पायजे."

रविवारी आम्ही तिघं नव्या रायपूरला गेलो. रुंदच्या रुंद मोकळे रस्ते, स्टॉपवर चिटपाखरू नाही. शेजारी कोणी नव्हतंच, भाऊ पाणी मागणार कुणाला? फाटक्या कानाची ती काळी-पांढरी मांजर चेतनाचा आवाज ऐकून बाकाखालून आली आणि भाऊंना पाहून परत आत गेली. चेतना जमिनीवर बसून राहिली. मांजर टोपलीत शिरेपर्यंत भाऊ उन्हात उभे होते आणि एकदाही मध्ये बोलले नाहीत.

तिला कमलाताईंच्या खोलीत ठेवलं आणि दार लावलं. ठेकेदारानं दाराची फट हुंगली आणि निघून गेला. मौसीनं मात्र मुक्काम ठोकला. फिसकारायची, गुरगुरायची, पण दार सोडायची नाही. जेवणही तिथंच हवं. भाऊंची पार गोची झाली. नको असेल तर ही जात का नाही? हवी असेल तर फिसकारते का? रोज मला भिंतीवरून हाक मारून विचारायचे आणि मी रोज वेगळं उत्तर द्यायचे, कारण मलाही कळत नव्हतं.

असंच एकदा मी भाजी द्यायला गेले. चेतना दारापाशी फरशीवर बसून फटीतून चादरीचा तुकडा आत सरकवत होती. आतली मांजर दबक्या आवाजात गुरगुरत होती, बाहेर मौसी.

"आतलीले हे घर आवडून नाही राहिलं काय?" भाऊंनी विचारलं.

"आवडण्याचं नंतर, बाबा. पहिले भीती जाव लागते. नव्या घरी कोणी नीट बोललं नाही, दार बंदच राहिलं, तर असंच होते."

मी भाजीचा डबा धरून दारातच थांबले. आत जावं की परत फिरावं ते सुचेना. भाऊंना उत्तर माहीत असावं, पण प्रश्न विचारायला त्यांना फार वेळ लागला.

"तुले तिकडं भीती वाटत होती?"

चेतनानं मान वर केली नाही. चादरीचा तुकडा तिनं आणखी थोडा आत ढकलला.

"हव, वाटत होती," ती म्हणाली.

भाऊ खाली बसले. त्यांच्या गुडघ्यांना ते जमत नाही, तरी भिंत धरून, कण्हत बसले. तिच्या शेजारी बसून त्यांनी मौसीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग तोच हात चेतनाच्या डोक्यावर ठेवला. मी डबा ओट्यावर ठेवला आणि मागल्या दारानं घरी आले. दिवाकरनं विचारलं काय झालं. मला रडू आलं होतं, आणि त्याहून जास्त राग आला होता. पोटच्या मुलीला एवढं एक विचारायला या माणसाला मांजर लागली.