डाव्या हाताची रिबन

बाईंनी माझ्या वेणीची रिबन ओढून काढली आणि तिनेच माझ्या डाव्या हाताची बोटं बांधली. चारही बोटं एकत्र, वर घट्ट गाठ. मग म्हणाल्या, "आता ठोक बघू. आणि लिही."

दहावीची पूर्वपरीक्षा होती, बीजगणिताचा पेपर. अर्धे केस सुटलेले, हात बांधलेला. वर्ग हसला. हसणाऱ्यांत माझ्या चाळीतल्या मुलीही होत्या. त्यांचा मला राग आला नाही. हसल्या नसत्या तर पुढची रिबन त्यांची होती.

माझा गुन्हा एवढाच, की मी बाकावर बोटांनी ठोकत होते.

कामतघरात आमची चाळ लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला लागून होती. मधे एकच भिंत. दिवसरात्र खटखट. मी पाढे त्या तालावर पाठ केले. लाइट गेली की लूम थांबायचे आणि पाळण्यातली पोरं दचकून उठायची, रडायला लागायची. आमच्याकडे शांतता म्हणजे वाईट बातमी. मालकाने कुलूप लावलं, नाहीतर कोणाचा हात पट्ट्यात गेला. आई हातातलं काम टाकून दारात जायची आणि बाबा कारखान्याबाहेर दिसेपर्यंत तिथून हलायची नाही.

परीक्षेत पेपर वाटले की वर्ग तसाच गप्प होतो. येत असलेलं गणित डोळ्यांसमोर पुसलं जायचं. मग मी हळूच ठोकायचे. लूमवर सूत नेणारा धोटा गेला, धोटा आला. गेला, आला. गणित परत दिसायचं आणि पेन चालायला लागायचं. मला दुसरा उपाय ठाऊक नव्हता. कोणी शिकवलाही नव्हता.

माझ्या पुढच्या बाकावर डॉक्टरांची मुलगी बसायची, वर्गात पहिली. बाईंनी आपल्या मनाने ठरवलं, की मी ठोकून प्रश्नाचा नंबर विचारते आणि ती मान हलवून उत्तर सांगते.

मी म्हटलं, "बाई, तिला विचारा ना."

"तिला कशाला विचारू? चांगल्या घरातली आहे ती."

मलाही विचारलं नाही. का ठोकतेस, एवढंच विचारायचं होतं. त्याला काही खर्च नव्हता.

मी कोरा पेपर दिला. वर्गाबाहेर येऊन दातांनी गाठ सोडली. बाईंनी त्याच दिवशी शिक्षा सांगून टाकली. सोमवारी प्रार्थनेनंतर मी माईकवर जायचं आणि म्हणायचं, "मी खुणा करून कॉपी केली." नाहीतर हॉलतिकीट मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी आई आली. ती कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. अर्धी शिफ्ट टाकून आली होती. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. बाईंनी खुर्ची मागे सरकवली. "तिथूनच बोला."

आई दाराशीच थांबली. "बाई, पोर चोर न्हाय. घरातबी ताटावर ठोकीत बसते. सवय हाय तिला."

"लूमवाल्यांच्या सवयी शाळेच्या बाहेर ठेवा. तुमच्या लोकांसाठी परीक्षा वेगळी नसते."

तुमच्या लोकांसाठी. कोणते लोक, हे आईला कळलं आणि मलाही कळलं. नुसत्या लूमवाल्यांबद्दल त्या बोलत नव्हत्या, जातीबद्दल बोलत होत्या. तरी आई बाईंच्या पायाशी वाकायला लागली. माझं हॉलतिकीट तिला हवं होतं. मी तिचा दंड धरला. "आई, ऊठ." तिने वर पाहिलं. मी इतक्या जोरात बोलले होते, की शेजारच्या खोलीतून हेडसर बाहेर आले.

त्या दिवशी मी आयुष्यातला पहिला सौदा केला.

"सर, मी ठोकत होते, हे माईकवर सांगते. कॉपी केली, हे सांगणार नाही."

"दोन्ही सांगावं लागेल," बाई म्हणाल्या.

"मग एकही नाही."

हेडसरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांना न्यायनिवाडा करायचा नव्हता, प्रकरण मिटवायचं होतं. ते मी ओळखलं. समोरच्याला काय हवं आहे हे ओळखण्यावरच मी आज पोट भरते. म्हटलं, "सर, दुसरा पेपर काढा. इथे तुमच्यासमोर बसवा, एकटीला. गणितं आली नाहीत तर माईकवर तुम्ही सांगाल ते बोलेन. फक्त हात बांधायचा नाही."

पेपर बाईंनीच काढला, पहिल्यापेक्षा कठीण. मी हेडसरांच्या टेबलाच्या कडेला बसले आणि सगळा वेळ उघड ठोकत लिहिलं. सर सह्या करत होते. एकदा त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि परत मान खाली घातली. आई बाहेर व्हरांड्यात उभी होती.

बाईंनी पेपर उभ्यानेच तपासला. लाल पेन कुठे टेकवायला जागा मिळाली नाही. "ठीक आहे," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

हॉलतिकीट मिळालं. बास, तेवढंच. सोमवारी प्रार्थना झाली तेव्हा मी माईककडे बघत उभी होते. बाईंनी सूचना दिल्या. गणवेश स्वच्छ ठेवा, नळ बंद करा, जिन्यात पळू नका. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मी चोर आहे हे ऐकायला सगळी शाळा हवी होती. चोर नाही हे ऐकायला कोणीच नको होतं. मी शाळा सोडेपर्यंत मुलं मला "ठोक्या" म्हणत होती.

बोर्डाचे पेपर मी चपलेत अंगठा ठोकत लिहिले. पेपरची भीती होतीच, आता कोणी बघेल ही भीती वाढली. पास झाले. गणितात यायला हवे होते तेवढे गुण आले नाहीत. ते कोणी खाल्ले हे मी विसरलेले नाही.

आज मी मानकोली आणि वळ या गावांतल्या गोदामांना पॅकिंगसाठी बाया पुरवते. इंग्रजी बोलणाऱ्या मॅनेजरांशी भावाची घासाघीस करते. आवाज चढतो माझा. चढू दे.

गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला. त्या आता मुख्याध्यापिका आहेत.

"मॅडम, दहावीच्या मुलांना हल्ली परीक्षेचं फार टेन्शन येतं. तुम्ही आमच्याच शाळेच्या. येऊन दोन शब्द बोला. घाबरू नका म्हणावं."

"कोणाला घाबरू नका म्हणू, बाई?"

"परीक्षेला."

"माझा हात परीक्षेने नव्हता बांधला."

बाईंचा सूर बदलला. 'तुम्ही' जाऊन 'तू' आलं. "अगं, किती जुनं धरून बसलीस. तेव्हा शिस्त तशीच असायची. तुमच्या भल्यासाठीच करायचो. बघ ना, कुठे पोचलीस आज."

म्हणजे माझ्या कमाईतही वाटा हवा.

"येते," मी म्हटलं. "एक अट आहे. आधी तुम्ही माईकवर सांगायचं, की मी कॉपी केली नव्हती आणि तुम्ही मला विचारलं नव्हतं."

"मुलांसमोर?"

"माझी चोरी मुलांसमोरच सांगायची होती ना?"

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. ठाण्याहून समुपदेशक येणार आहेत, आपण तसदी घेऊ नये. ते मुलांना खोल श्वास घ्यायला शिकवतील. शिकवू देत. पण पेपर समोर आल्यावर पोर थरथरायला लागलं, नखं खायला लागलं, बाक वाजवायला लागलं, तर त्याच्याजवळ वाकून "काय होतंय बाळा?" असं विचारायला ठाण्याहून माणूस आणावा लागत नाही. शिक्षकाच्या तोंडात जीभ असली की पुरते.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या बायांची पोरं त्याच शाळेत शिकतात. लूमवाल्यांचीच पोरं आहेत ती. त्या बायांना मी सगळं सांगितलं आहे. कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही सगळ्या जाणार, पालक म्हणून, आणि पुढच्या रांगेत बसणार. कोणी खुर्ची मागे सरकवली तर आम्ही आमच्या पुढे ओढणार.

भाव करताना मी शेवटी थोडं सोडतेच. समोरच्यालाही घरी जाऊन सांगायला काहीतरी लागतं. इथे सोडणार नाही. बाई माईकवर खरं बोलल्या तर बसून ऐकेन. नाही बोलल्या तर उठेन, माईक हातात घेईन आणि रिबन कोणी बांधली ते त्यांच्या नावासकट सांगेन.