बदकरावांचा परदेशी शिष्य

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला घरात सगळे बदकराव म्हणत, आणि त्यांनाही ते नाव आवडे. शहरातल्या सर्वांत मोठ्या हॉटेलात काचेच्या छताखाली पोहण्याचा तलाव होता, तिथे ते कामाला होते. पाणी स्वच्छ ठेवायचं, टॉवेलांच्या घड्या घालायच्या आणि कुणी बुडू नये म्हणून काठावर बसून राहायचं. वर्षानुवर्षं पाण्यावरून भिंतीवर पडणारा हलता उजेड बघून त्यांच्या बोलण्यातही संथपणा आला होता. काही विचारलं की उत्तर तळातून वर यायला वेळ लागे. धाकटी म्हणायची, "ह्यांना हाक मारावी आणि भाजी चिरायला घ्यावी. चिरून होते तेव्हा 'ओ' येते."

त्या वर्षी देशाची तिजोरी आटली. बँकांपुढे रांगा लागल्या, औषधांची जहाजं बंदरात अडकून पडली. मग कर्ज देणाऱ्यांचं परदेशी शिष्टमंडळ आलं आणि नेमकं त्याच हॉटेलात उतरलं. दिवसभर वरच्या दालनात आपले मंत्री आणि ते लोक वाटाघाटी करत. कर्ज हवं तर सरकारने खर्चाला कात्री लावायची, ही अट. काय काय बंद होणार ते वर्तमानपत्रांतून फुटलं. त्यात धाकटीचं सरकारी प्रसूतिगृह होतं. लग्नाआधीपासून ती तिथे परिचारिका होती.

शिष्टमंडळाचे प्रमुख पहिल्याच सकाळी तलावाच्या पायरीवर पाय आखडून उभे राहिले. आपली भाषा ते अडखळत, पण बरी बोलत. हळूच म्हणाले, "मला पोहता येत नाही. डॉक्टरांनी शिकायला सांगितलंय. शिकवाल?"

बदकरावांनी त्यांना उताणं निजवलं आणि पाठीखाली तळहात धरला. "मान सोडा. कान पाण्यात जाऊ द्या. वर बघा."

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वार्ताहर दुर्बिणी लावून बसलेले असत. एके दिवशी प्रमुख पहिल्यांदाच आपले आपण तरंगले, हात पसरून, डोळे मिटून, गालात हसत. संध्याकाळी मथळा आला: 'प्रमुख निश्चिंत, करार दृष्टिपथात'. बँकेपुढची रांग विरघळली. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दडवलेली साखर बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी प्रमुख लालबुंद चेहऱ्याने, खोकत तलावाबाहेर पडले. 'बोलणी फिसकटली!' साखर पुन्हा आत.

"नाकात पाणी गेलं हो त्यांच्या," बदकराव जेवताना म्हणाले. "बाकी काही नाही."

धाकटीने पळी आपटली. "सगळं सरकार ज्याच्यापुढे नाक घासतंय, तो रोज तुमच्या तळहातावर झोपतो. आणि तुमच्या तोंडून एक शब्द निघत नाही?"

"पाण्यातल्या माणसाकडे काही मागू नये गं. तो घाबरलेला असतो."

"मग बायांनी काय रस्त्यात बाळंत व्हायचं?"

बदकरावांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही तरी समजवा हिला."

"मी तिची बहीण आहे," मी म्हटलं. "तुमची वकील नव्हे."

करारावर सही व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी प्रमुख म्हणाले, आज खोल बाजूला जाऊ. तिथे त्यांना निजवून बदकराव शेजारी पाय मारत राहिले. काचेतून ढग सरकत होते, त्यांच्या सावल्या तळाच्या फरश्यांवरून जात होत्या, आणि मधोमध ते दोघे, खाली-वर दोन्हीकडे आभाळ असल्यासारखे. त्या शांततेत बदकराव बोलू लागले. प्रसूतिगृहाबद्दल, धाकटीबद्दल, तिथे जन्मलेल्या आमच्या घरातल्या सगळ्या पोरांबद्दल. इतकं सलग ते आयुष्यात बोलले नसतील. प्रमुखांचे कान पाण्याखाली होते.

काठ धरल्यावर प्रमुखांनी विचारलं, "काही म्हणालात?"

बदकराव आम्हाला सांगत, त्या वेळी 'काही नाही' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्यांनी टॉवेल पुढे केला आणि सगळं पुन्हा सांगितलं, या खेपेला कोरड्या जमिनीवर.

प्रमुख बराच वेळ केस पुसत राहिले. मग म्हणाले, "आम्ही फक्त किती वाचवायचं तो आकडा सांगितला. काय बंद करायचं ते तुमच्या मंत्र्यांनी ठरवलंय. यादीतलं एखादं नाव बदललं तर माझी हरकत नाही. आकडा मात्र बदलणार नाही."

बदकरावांनी घरी येऊन हे सांगितलं. धाकटी म्हणाली, "आणि आपले मंत्री कुठे पोहतात?"

"ते पोहत नाहीत. काठावर उभं राहून फोटो काढून घेतात."

"मग काठावरच गाठते."

दुपारी ती गणवेशात, सोबतच्या परिचारिकांना घेऊन मंत्रालयाच्या जिन्यावर जाऊन बसली. वर चढणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारायची, "साहेब, तुमचा जन्म कुठला?" निम्म्यांहून जास्त जण तिच्याच प्रसूतिगृहातले निघाले. अंधार पडायच्या आत आतून निरोप आला, प्रसूतिगृह राहील.

सही झाली. प्रमुख विमानाने गेले. शेजारपाजारचे अभिनंदनाला येऊ लागले. धाकटी दारात सगळ्यांशी हसून बोलत होती. बदकराव मात्र खुर्चीत बसून होते. चहा निवला.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" मी विचारलं.

नेहमीप्रमाणे उत्तराला वेळ लागला.

"ताई, आकडा तोच राहिला," ते म्हणाले. "मग आपल्या जागी कुणाचं नाव घातलं असेल?"

धाकटीने ते दारातून ऐकलं. तिने वळून पाहिलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं.