खाटेच्या दांडीवरची टिकली

अर्धशिशीचा त्रास होऊच नये म्हणून ॲक्युपंक्चर उपयोगी पडतं का, हे अकोल्याच्या एका दवाखान्यात तपासणं चाललं होतं. सुया टोचण्याआधी येणाऱ्यांना त्रास विचारून लिहून घेणं माझं काम. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. ही नोकरी मला फार मोलाची वाटे.

हार विकणाऱ्या एक मावशी दर आठवड्याला येत. कपाळाची टिकली काढून खाटेच्या दांडीला चिकटवत, झेंडूने पिवळे झालेले हात पदराला पुसत आणि आडव्या होत.

"डोकं कसं आहे?"

"दुखतेच."

सुया टोचण्याच्या शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "खरं सांगू काय ताई? दुखणं कवाचंच बंद झालं."

मी हादरले. "मग दुखते म्हणून काहून सांगत राहिल्या, मावशी?"

"बरी झाली म्हटलं असतं तं तुमी येऊ देल्लं असतं काय? घरी दिवसा आडवी झाली का सासू म्हणते, मेली काय वो? इथं सुया टोचल्या का कोणी उठवत नाही. आता काय लिहायचं ते लिहा. फक्त मले उठवू नका."

त्यांनी डोळे मिटले. मी दांडीवरच्या टिकलीकडे पाहत राहिले. माझी आई दिवसा कधी आडवी झालेली मला आठवेना.